परळच्या कर्करोग-आधार केंद्राचे परीक्षण: मेलॅनोमाच्या कुटुंबाच्या नजरेतून

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपास कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आधार देणाऱ्या संस्थांची वानवा नाही. राहण्याची सोय, दोन वेळचे जेवण, औषधांसाठी मदत, समुपदेशन, रेल्वेच्या सवलतीचा अर्ज, यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी कोणी ना कोणी उभे आहे. मात्र ही व्यवस्था ज्या आजारांभोवती उभी राहिली ते प्रामुख्याने तोंडाचे, स्तनाचे, गर्भाशयमुखाचे आणि रक्ताचे कर्करोग आहेत. मेलॅनोमासारखा, आपल्याकडे दुर्मीळ असलेला त्वचेचा कर्करोग घेऊन एखादे कुटुंब तेथे पोहोचते, तेव्हा त्याच्या पदरात नेमके काय पडते? माझ्या मावशीच्या टाचेच्या मेलॅनोमाच्या निमित्ताने आमचे कुटुंब गेले वर्षभर या सेवा वापरत आहे. हे परीक्षण मुख्यतः परळमधील एका स्वयंसेवी संस्थेच्या कुटुंब-आधार केंद्राचे असून ओघाने इतर सोयींविषयीही लिहीन. केंद्राचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि तेथे विनामोबदला राबणाऱ्या माणसांना त्या नावानिशी चिकटाव्यात अशी माझी इच्छा नाही.

आजाराविषयी थोडे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर सेवेचे मोजमाप करता येणार नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत उद्भवणारा हा कर्करोग गोऱ्या कातडीच्या लोकांत बहुतांशी उन्हाशी जोडलेला असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. आपल्याकडे तो कमी आढळतो, पण आढळतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा तोंड, नाक, गुदद्वार यांच्या आतल्या अस्तरात असतो, म्हणजे जेथे ऊन जात नाही आणि सहसा कोणाचे लक्षही जात नाही अशा जागी. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली याच प्रकारचा मेलॅनोमा असल्याचे निदान झाले आणि १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. चिपळूणच्या एखाद्या घरात मात्र टाचेवरचा काळसर डाग म्हणजे कुरूप (कॉर्न) असे समजले जाते, औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून चिकटवली जाते, वरची कातडी ब्लेडने तासली जाते. आणि नखाखालची काळी रेघ म्हणजे कधीतरी दारात बोट चेमटल्याची खूण ठरते. निदान होईपर्यंत बराच काळ उलटलेला असतो आणि आजाराच्या जोडीने ‘कोणाच्याच कसे लक्षात आले नाही’ हा वादही घरात शिरलेला असतो. आधारसेवेची पहिली परीक्षा मला येथेच दिसते.

या परीक्षेत केंद्र उत्तम गुणांनी उतरले. मावशीच्या टाचेवरचे ते कुरूप समजलेले काका स्वतः तासून देत असत. बायोप्सीचा अहवाल आल्यापासून ते जेवायला बसले तरी ताटावरून उठून जात. समुपदेशक बाईंनी त्यांना मावशीपासून वेगळे बसवले, त्यांनी काय काय केले ते सगळे सांगू दिले आणि मधे एकदाही ‘असे काही नसते’ म्हणून त्यांचे बोलणे तोडले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्ही तासल्यामुळे हा आजार झाला असं म्हणायला काही आधार नाही. उशीर झाला हे खरं आहे, पण तो एकट्या तुमच्यामुळे झालेला नाही. गावातल्या डॉक्टरांनीही तो पाय पाहिला होता.” उशिराचा दोष नाकारला नाही आणि तो एका माणसाच्या माथीही मारला नाही. अशा वेळी सांत्वनापोटी खोटे बोलणारी माणसे पुष्कळ भेटतात. काकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला असता असे मला वाटत नाही.

केंद्राची सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे डॉक्टरांना विचारावयाच्या प्रश्नांचा छापील कागद. तो सरसकट सगळ्या कर्करोगांसाठी आहे, त्यामुळे त्यातले अर्धे प्रश्न आमच्या कामाचे नव्हते. पण तेथील एका ज्येष्ठ स्वयंसेविकेने, ज्या पूर्वी दादरच्या शाळेत शिकवत असाव्यात असे त्यांच्या लाल पेनवरून आणि अक्षरावरून वाटले, आमच्यासमोर त्या कागदावरच्या नको त्या ओळी एकेक करून खोडल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वच्छ अक्षरांत नवे प्रश्न लिहिले: गाठीची जाडी किती मिलिमीटर? वरच्या कातडीला व्रण आहे का? कडेने किती सेंटिमीटर निरोगी कातडी काढणार आणि टाच कशाने झाकणार? जांघेतली पहिली ग्रंथी (पायातून आजार पसरलाच तर तो आधी जेथे पोहोचतो ती) तपासणार का? ब्रॅफ आणि किट या जनुकीय चाचण्या करायच्या का? कागद वहिनीच्या, म्हणजे मावशीच्या सुनेच्या, हातात देताना त्या म्हणाल्या, “डॉक्टर फाइल बघत असताना हा कागद हातात धरायचा. शेवटच्या प्रश्नापर्यंत जायचं आणि मगच खुर्चीवरून उठायचं.”

या पाच प्रश्नांमागे पुष्कळ काही आहे. मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला आहे ते मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत अमेरिकेतील अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडली आणि आजही आजाराची पायरी ठरवताना त्या जाडीलाच पहिला मान आहे. एक मिलिमीटरच्या आतला डाग आणि चार मिलिमीटरच्या पुढचा डाग यांचे भवितव्य फार वेगळे असते. टाचेवरची कातडी दोन सेंटिमीटरच्या कडेसह काढली तर ती नुसती शिवून टाकता येत नाही. त्वचारोपण करावे लागते किंवा शेजारची कातडी मांसासह फिरवून आणावी लागते, आणि रुग्णाला कित्येक आठवडे त्या पायावर भार देता येत नाही. ही शेवटची गोष्ट आम्हाला शस्त्रक्रियेनंतर कळली असती तर चिपळूणच्या घरातल्या मागीलदारच्या संडासाचे काय करायचे हा प्रश्न ऐनवेळी उभा राहिला असता. प्रश्न आधी विचारल्यामुळे मावशी घरी पोहोचण्याआधी कमोडची खुर्ची पोहोचली होती.

राहण्याच्या आणि प्रवासाच्या सोयींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांत मेलॅनोमाचे वेगळे असे काही नाही आणि त्या चांगल्या चालतात. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन १९६८ पासूनचे काम पुढे नेत आहे, दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला तेथे अत्यल्प दरात राहता येते, मात्र जागा मिळेलच असे धरून मुंबईत उतरू नये. रेल्वेत उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोग-रुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण भाडे माफ असते, तर सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. लोकलच्या अपंगांसाठीच्या डब्यात कर्करोग-रुग्णांनाही बसता येते, हे मुंबईत जन्म गेलेल्या माझ्या सख्ख्या भावालासुद्धा ठाऊक नव्हते. मावशी धडधाकट दिसते म्हणून त्या डब्यात तिला एकदोनदा कोणी हटकले, तेव्हापासून वहिनी दाखल्याची छायाप्रत पर्समध्येच ठेवते.

आता केंद्राच्या मासिक मेळाव्याविषयी, कारण खरी स्तुती आणि खरी तक्रार दोन्ही तेथलीच आहेत. रुग्ण एका खोलीत आणि घरची माणसे दुसऱ्या खोलीत अशी विभागणी करून ते बोलते करतात, ही पद्धत मला फार पटली. रुग्णासमोर घरचे माणूस थकल्याचे कबूल करत नाही आणि घरच्या माणसासमोर रुग्ण भीती बोलून दाखवत नाही. वहिनीने त्या खोलीत पहिल्यांदा सांगितले की सासूबाईंच्या पायाचे ड्रेसिंग करताना तिला मळमळते आणि त्याची तिला लाज वाटते. तिच्या शेजारी बसलेल्या, नवऱ्याच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे तोंड धुऊन देणाऱ्या नालासोपाऱ्याच्या ताईंनी ड्रेसिंगआधी नाकाखाली थोडा बाम लावायला सांगितले. समुपदेशक त्या वेळी गप्प बसल्या, हे त्यांचे कौशल्य.

तक्रार अशी की भिंतीवर त्वचेच्या कर्करोगाचे जे एकमेव भित्तिपत्रक आहे, त्यावर समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेला गोरा माणूस आणि सनस्क्रीनची बाटली आहे. ऑस्ट्रेलियात असा प्रचार करायला सबळ कारण आहे. तेथे १९८१ पासून सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला असे लोकांच्या मनावर बिंबवण्यात आले. पण शेतात अनवाणी राबणाऱ्या बाईच्या टाचेचा मेलॅनोमा उन्हामुळे झालेला नसतो, आणि ते चित्र पाहून आमच्यासारखे कुटुंब ‘मग आपल्याला का झाला’ या प्रश्नाशीच अडखळते. हे मी केंद्रात बोलून दाखवले. भित्तिपत्रक अजून तेथेच आहे, परंतु पुढच्या एका मेळाव्यात निवृत्त परिचारिका असलेल्या स्वयंसेविकेने सगळ्यांना चपला काढायला लावल्या, हातात छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च दिला आणि तळवा, बोटांच्या बेचक्या, टाचेची मागची कड, नखांची मुळे कशी पाहायची ते करून दाखवले. डागाचे दोन अर्ध जुळत नाहीत, कड वेडीवाकडी आहे, रंग एकसारखा नाही, आकार वाढतो आहे, नखाची काळी रेघ रुंद होत मुळाच्या कातडीवर उतरली आहे, यांतले काही दिसले तर कॉर्न कॅप लावू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, इतके साधे सांगणे. मेलॅनोमाच्या रुग्णाला आयुष्यभर आपल्या त्वचेवर लक्ष ठेवावे लागते आणि पाठ किंवा तळपाय स्वतःचे स्वतःला पुरते दिसत नाहीत, म्हणून हे काम घरच्या माणसाने शिकण्याचे आहे. काका आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशीचा पाय मांडीवर घेऊन बसतात. त्या माणसाला हातांना काही काम हवे होते, ते मिळाले.

सर्वांत गंभीर उणीव औषधांविषयीच्या माहितीत आहे. केंद्राची मराठी पुस्तिका नीटस आहे, भाषा सोपी आहे, पण ती पूर्णपणे केमोथेरपीची आहे: केस गळतील, तोंड येईल, पांढऱ्या पेशी कमी होतील. मेलॅनोमाच्या उपचारांचे चित्र मात्र २०११ मध्ये इपिलिमुमॅब आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब यांना अमेरिकेत मान्यता मिळाल्यापासून पालटले आहे. याच तत्त्वाच्या मूलभूत संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इम्युनोथेरपीची ही औषधे कर्करोगाला थेट मारत नाहीत, शरीराच्या प्रतिकारशक्तीला घातलेला लगाम सैल करतात. त्यामुळे त्यांचे दुष्परिणामही निराळे असतात: सुटलेली प्रतिकारशक्ती आतड्यांवर, फुप्फुसांवर, यकृतावर किंवा थायरॉइडवर उलटू शकते, आणि तेही औषध सुरू झाल्यावर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. साधे जुलाब म्हणून घरात मेतकूट-भात आणि डाळिंबाच्या सालीचा काढा सुरू करणे अशा वेळी धोक्याचे असते. त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे लागते, कारण त्यावर अनेकदा स्टेरॉइडची गरज पडते. जवळच्या साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही हे औषध चालू असल्याचे सांगावे लागते. आम्हाला हे रुग्णालयातील परिचारिकेने सांगितले. केंद्राच्या पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नाही. जी पुस्तिका हातात असल्यामुळे कुटुंबाला आपण तयार आहोत असे वाटते, तिने नेमके हेच सांगू नये हे मला खटकले.

या औषधांचा आणखी एक परिणाम आपल्या समाजात वेगळेच वळण घेतो. मेलॅनोमाच्या काही रुग्णांच्या अंगावर उपचारांदरम्यान कोडासारखे पांढरे डाग उमटतात, कारण जागी झालेली प्रतिकारशक्ती कर्करोगाबरोबर निरोगी रंगपेशींवरही हल्ला करते. डॉक्टरांच्या लेखी ही वाईट खूण नाही; असे डाग येणाऱ्या रुग्णांत उपचारांना प्रतिसाद चांगला मिळाल्याचे अनेकदा दिसले आहे. पण मावशीच्या हातावर पहिले डाग दिसले तेव्हा चिपळूणच्या नातेवाइकांनी आधी विचारले ते मावसबहिणीच्या लग्नाचे. कर्करोगाला सहानुभूती मिळते, कोडाला मिळत नाही. समुपदेशक बाईंना हा प्रकार नवीन होता आणि त्यांनी तो नवीन असल्याचे सरळ मान्य केले, आठवडाभर मुदत मागितली, डॉक्टरांशी बोलून घेतले आणि मग मावसबहिणीला व तिच्या होणाऱ्या सासूबाईंना एकत्र बोलावून डाग कशाने आले, ते संसर्गाने किंवा रक्ताच्या नात्याने येत नाहीत कसे, हे समजावले. होणाऱ्या सासूबाई निघताना फक्त “बरं झालं विचारलं” एवढेच म्हणाल्या. लग्न मार्गशीर्षात आहे. एका दुर्मीळ आजाराची माहिती नसतानाही ती मिळवण्याची तसदी घेणारे माणूस तेथे बसले आहे, ही बाब मी पुस्तिकेच्या उणिवेच्या वर ठेवतो.

पैशांच्या बाबतीत केंद्राचा कक्ष कामसू आहे, पण तेथे गर्दी फार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद, धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी राखून ठेवलेल्या प्रत्येकी दहा टक्के खाटा, इंडियन कॅन्सर सोसायटीचा निधी, औषध कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना, यांचा अर्ज कोठे आणि कोणत्या क्रमाने करायचा ते तेथील तरुण कार्यकर्ता तोंडपाठ सांगतो. इम्युनोथेरपीचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि शस्त्रक्रियेनंतरचा असा उपचार साधारण वर्षभर चालतो, म्हणून कोणते औषध योजनेत बसते हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाकडून, पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्या, हा त्याचा सल्ला फार मोलाचा होता. त्याने एक गोष्ट मात्र सांगायला हवी होती: अनेक निधी बरे होण्याची शक्यता चांगली असलेल्या रुग्णांना प्राधान्य देतात, त्यामुळे पुढच्या पायरीच्या रुग्णाने सगळी भिस्त एकाच अर्जावर ठेवू नये.

राहता राहिली सोबतीची गोष्ट. मेळाव्यात मेलॅनोमाचा दुसरा रुग्ण आम्हाला भेटला नाही. बाकीच्यांना आपल्यासारखे कोणीतरी लगेच सापडते. मावशीला ‘म्हणजे कातडीचा ना, मग बरा होतो की’ असे ऐकावे लागले, आणि ते म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असल्याने तिला उलट बोलताही येईना. केंद्राने अखेरीस दुसऱ्या शहरातल्या एका कुटुंबाची, त्यांची संमती घेऊन, फोनवर गाठ घालून दिली. मावशी आणि त्या बाई औषधापेक्षा चपलांविषयीच अधिक बोलल्या: टाचेवरच्या रोपण केलेल्या कातडीला कोणता मऊ तळवा सोसतो, जांघेतल्या ग्रंथी काढल्यावर सुजणाऱ्या पायाला दाबाचा मोजा उन्हाळ्यात कसा घालायचा. अशी गाठ घालून देण्याची पद्धत योगायोगावर सोडण्याची गरज नाही. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगाच्या रुग्णांचे ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हे जाळे मुंबईतूनच देशभर पसरले आहे आणि १९९४ पासून काम करणाऱ्या व्ही केअर फाउंडेशनने आजारातून उठलेल्या माणसालाच नव्या रुग्णाशी बोलायला बसवण्याची पद्धत रुजवली आहे. मेलॅनोमाचे रुग्ण थोडे आहेत म्हणून तर त्यांची राज्यभराची यादी ठेवणे सोपे आहे.

काही किरकोळ पण त्रासदायक गोष्टी. समुपदेशनाच्या खोलीला दाराऐवजी पडदा आहे आणि बाहेरच्या बाकावर सगळे ऐकू येते. मेळावा कामाच्या दिवशी दुपारी असतो, त्यामुळे नोकरी करणारा मुलगा कधीच येऊ शकत नाही आणि साऱ्या गोष्टी सुनांच्या आणि मुलींच्या अंगावर पडतात. बाहेरगावच्यांसाठी फोनवरून सत्र घ्या अशी विनंती अनेकांनी केली आहे. शिवाय वेदनाशामक उपचारांचा विषय केंद्रात फार उशिरा निघतो. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे सगळे संपल्यावरची गोष्ट हा समज स्वयंसेवकांमध्येही आहे, जेव्हा की दुखणे, सूज, झोप आणि भीती यांवरचे ते उपचार निदानाच्या दिवसापासून घेता येतात. वांद्र्याचे शांती आवेदना सदन, जे १९८६ मध्ये देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, म्हणून सुरू झाले आणि विनामूल्य सेवा देते, त्याची माहिती भिंतीवर असायला हवी. ज्यांना ती लागते ते आपण होऊन विचारत नाहीत.

ज्यांच्या घरात हे निदान नुकतेच झाले आहे त्यांनी रुग्णालयाची पहिली तारीख मिळताच, तारखेच्या आधी, अशा केंद्रात जावे. तारखेनंतर गेल्यास प्रश्नांचा कागद वाया जातो. गावच्या प्रयोगशाळेकडून बायोप्सीच्या नुसत्या अहवालावर समाधान न मानता काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्यावा, कारण मोठ्या रुग्णालयात त्यांची पुन्हा तपासणी होते आणि जनुकीय चाचणी त्या ब्लॉकवरच करता येते. सोबत रेशन कार्ड, आधार कार्ड आणि त्यांच्या प्रत्येकी चार छायाप्रती असाव्यात. केंद्राच्या गल्लीतले झेरॉक्सचे दुकान दुपारी दोन ते चार बंद असते.